चालतं वर्तुळ

वकीलबाई हसल्या. कोर्टाच्या पॅसेजमध्ये असं कुणी हसत नाही. तिथे लोक कुजबुजतात, खाकरतात, घड्याळ बघतात, फार तर कुणी रुमालात तोंड खुपसतं. पण तोंडातलं बिस्कीट सांभाळत, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणं तिथल्या भिंतींनाही नवीन असावं. समोरच्या बाकावर दोन म्हातारे भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले होते, तेसुद्धा एकाच वेळी वळून बघायला लागले. वकीलबाईंच्या शेजारी बसलेल्या तिच्या मांडीवर ट्रेसिंग पेपर उलगडलेला होता आणि त्याची चारही टोकं पुन्हा गुंडाळी व्हायला बघत होती. तिनं ती दोन्ही कोपरांनी दाबून धरली होती. आपलं काय चुकलं हे तिला कळेना. नकाशा तर चोख होता. उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं होतं, उत्तरेचा बाण होता, सातही वर्तुळं एका जाडीच्या शाईत होती आणि कुठेही थेंब सांडलेला नव्हता. "बाई," वकीलबाई शेवटी म्हणाल्या, "अहो बाई, हा हुकूम त्यांच्यावर आहे. तुमच्यावर नाही."

वाक्य तिला ऐकू आलं. आत जायला त्याला जरा वेळ लागला. ती पाणीपुरवठा खात्याच्या नकाशाघरात कामाला होती, हुद्दा ड्राफ्ट्समन. चौदा वर्षांपूर्वी ती रुजू झाली तेव्हा त्या हुद्द्याचं काय करायचं हे कुणालाच समजेना, मग सगळे तिला ड्राफ्ट्समनबाई म्हणायला लागले आणि आता त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. जमिनीखालचे, कुणाला न दिसणारे नळ कागदावर दाखवायचे हे तिचं काम. कुठला नळ किती इंची, कुठे झडप, कुठे जोड, कुठे गळून गळून पुन्हा बसवलेला तुकडा. शहर तिला खालून पाठ होतं. शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसत, ते काढण्यापेक्षा खोडत जास्त म्हणून त्यांना सगळे रबर म्हणत. ते म्हणायचे, ड्राफ्ट्समनबाईंना तहान लागली तर त्या पेल्याआधी झडप शोधतील. अशा बाईला कुणी दोनशे मीटर म्हटलं की ती काय करणार? ती कंपास काढणार. बेचाळीस दिवसांपूर्वी याच इमारतीत न्यायाधीशबाईंनी तात्पुरता मनाई हुकूम वाचून दाखवला तेव्हा तिच्या कानांत नुसता घूं असा आवाज भरला होता आणि त्यातून दोनच शब्द धडपणे आत आले होते: दोनशे मीटर. सामनेवाला, अर्जदार, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, पुढील तारखेपर्यंत, हे सगळं बाहेरच राहिलं. कागद हातात आला, तिनं त्यावरची सही आणि शिक्का बघितला, तो प्लास्टिकच्या पाकिटात घातला, पाकीट पर्समध्ये, आणि त्यानंतर तो बाहेर काढून वाचायचा धीर झाला नव्हता. त्यात नवऱ्याचं नाव होतं, तिचं नाव होतं, तिनंच लिहून दिलेली दाराची फुटलेली काच होती, ऑफिसखालच्या फुटपाथवर त्यानं काढलेले तास होते, एका दिवसात आलेले त्रेसष्ट फोन होते. ते पुन्हा कोण वाचणार?

त्याच संध्याकाळी दादाच्या घरी, जिथे ती आता राहत होती, जेवणाच्या टेबलावर तिनं शहराच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर टाकला होता. पाच हजारास एक या प्रमाणात दोनशे मीटर म्हणजे बरोबर चार सेंटिमीटर. कंपासमध्ये चार सेंटिमीटर घेऊन तिनं पहिलं टोक रोवलं ते त्याच्या चष्म्याच्या दुकानावर. मग त्यांच्या घरावर, म्हणजे आता त्याच्या एकट्याच्या घरावर. मग त्याच्या मोठ्या बहिणीच्या घरावर, तो जायचा त्या व्यायामशाळेवर, शनिवारी ज्या मित्राच्या गॅरेजात बसायचा तिथे, केस कापायचा तिथे, आणि सातवं चौकातल्या चहाच्या दुकानावर. वर्तुळं एकमेकांत शिरली. मधे पांढरी जागा राहिली ती एका अरुंद, वाकड्यातिकड्या पट्टीएवढी. वहिनी ताटं घेऊन येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे काय, पाण्याच्या टाक्या?" "नाही," ती म्हणाली, "इथे मी जायचं नाही." वहिनीनं नकाशाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि ताटं ओट्यावरच मांडली. दादा म्हणाला, कोर्टाचं काम आहे, उगाच फाटे नकोत, सांगितलंय तसं कर. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री तिला बरंसुद्धा वाटलं होतं. नियम कितीही जाचक असो, काढता येत होता, मोजता येत होता. लग्नाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी प्रमाणात होतं.

मग मात्र हाल सुरू झाले. ऑफिसला पंचवीस मिनिटांत पोचणारी ती आता दोन बस बदलून, गोदामांच्या मागच्या रस्त्यानं, सव्वा तासानं पोचायला लागली. ग्रंथालय दुकानाच्या वर्तुळात गेलं. जिथे ती रोज सकाळी पोहायची तो छताखालचा तलाव एकदम दोन वर्तुळांत सापडला, अगदी डबल. सगळ्यात वाईट म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना गॅरेजच्या वर्तुळात शंभरेक मीटर आत होता आणि तिच्या उजव्या दाढेचं काम अर्धवट राहिलं होतं. वर तात्पुरतं सिमेंट, खाली उघडी नस. बेचाळीस दिवस ती डाव्या बाजूनं जेवत होती. त्यात आणखी एक अडचण अशी की माणूस काही दुकानासारखा एका जागी बसत नाही. एका दुपारी बाजारात तिला त्याची पाठ दिसली. करडा शर्ट, डावा खांदा किंचित उतरलेला. ती जागच्या जागी वळली आणि मोजत सुटली. तिचं पाऊल सत्तर सेंटिमीटरचं, दोनशे मीटरला दोनशे शहाऐंशी पावलं. दोनशे शहाऐंशीव्या पावलावर ती एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीला टेकून धापा टाकत उभी राहिली, तेव्हा पाठीमागून तोच करडा शर्ट आला, किल्लीवाल्याला म्हणाला, झाली का हो, आणि तो भलताच कुणी होता, मिशीवाला. पण ती पळाली होती ती भेटीच्या भीतीनं कमी आणि पकडलं जाण्याच्या भीतीनं जास्त. आपणच कोर्टाचा हुकूम मोडला असता. पोलीस नकाशाघरात आले असते, रबर उभे राहिले असते, साहेबांनी चष्मा काढून विचारलं असतं, बाई, काय हे? आज सकाळी निघताना तिचं पक्कं झालं होतं की मुदत वाढवून मागायची नाही. हुकूम नव्हता तेव्हा निदान दाढ तरी करून घेता येत होती.

आणि हेच ती वकीलबाईंना सांगत होती, पुराव्यादाखल नकाशा उलगडून. वकीलबाई सरकारी मदतीतून मिळालेल्या, बुटक्या, भरभर बोलणाऱ्या. एका दिवसात आठ-दहा प्रकरणं चालवायच्या आणि जेवण म्हणून बिस्किटाचा पुडा बाळगायच्या. आता त्यांनी डोळे पुसले आणि बोट नकाशावर ठेवलं. "टोक चुकीच्या जागी रोवलंत तुम्ही. मध्य तुम्ही आहात. आणि हा मध्य चालतो. तुम्ही बसमध्ये बसलात की वर्तुळ बसमध्ये. तुम्ही भाजी घ्यायला थांबलात की वर्तुळ थांबलं. त्याच्या कडेला कुठे पाय ठेवायचा नाही ते त्यांनी बघायचं. तुम्ही कशाला?" ती म्हणाली, "आणि मी त्यांच्या दुकानासमोरून गेले तर?" "तर ते आत बसून राहतील. बाहेर यायचं नाही, हाक मारायची नाही, काचेतून खुणा करायच्या नाहीत. तुम्ही मुद्दाम आत जाऊन चष्मा तेवढा करून घेऊ नका." "मला चष्मा नाही." "मग मिटलंच." "समजा, एखाद्या दुकानात ते आधीच आहेत आणि मी नंतर गेले?" "ज्याला बांधलंय तो निघणार. आधी कोण, नंतर कोण, ही काही बसची सीट नाही." "आणि नाही निघाले?" "पोलिसांना फोन. तिथल्या तिथे, घरी जाऊन विचार करून नव्हे. हा कागद दाखवायचा. पर्समध्ये असतो ना?" असतो, ती म्हणाली. वाचलाय का, असं वकीलबाईंनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

मध्य तुम्ही आहात. ती बाकावर बसली होती आणि तिला एकाएकी बाक जाणवला. लाकडाची कड मांडीला लागत होती, खिडकीतून ऊन गुडघ्यावर येत होतं, ते ऊन तिच्या गुडघ्यावर येत होतं. चूक अशी कशी झाली? चौदा वर्षं जिनं एकही झडप चुकीच्या जागी दाखवली नाही तिनं कंपासचं टोक असं कसं रोवलं? पण तिला माहीत होतं कसं ते. अकरा वर्षं तिच्या डोक्यात एक नकाशा सतत उघडा होता आणि त्याच्या मध्यावर तो होता. तो आता कुठल्या खोलीत आहे, खुर्चीत आहे की आडवा झालाय, पेपर उलटण्याचा आवाज चिडका आहे की नुसताच, रेडिओ किती मोठा चालेल, कपाटाचं दार कुरकुरतं म्हणून ते उघडायचं की राहू द्यायचं. भांडण झालं की अंतर ठेवायचं काम तिचं. तो बैठकीत असला तर ती स्वयंपाकघरात, तो स्वयंपाकघरात आला तर ती गच्चीत. गच्चीतून खाली किती वेळानं यायचं हेही ती मोजायची. हा हिशेब तिला कुणी शिकवला नव्हता, पण तो इतका अंगवळणी पडला होता की कोर्टानं अंतर ठेवा म्हटल्याबरोबर तिनं ते स्वतःलाच सांगितलं असं धरलं. आणखी कुणाला सांगणार? घरात अंतर ठेवणारं दुसरं होतं कोण?

"अजून एक," ती म्हणाली. नकाशा तिनं गुंडाळून टाकला होता. "आणि मीच म्हटलं तर? समजा, ते म्हणाले एकदा भेटू, आणि मी हो म्हटलं?" वकीलबाईंनी पुडा बंद केला. त्या तिच्याकडे जरा नीट बघायला लागल्या. "तुमच्या 'हो'नं काही होत नाही," त्या म्हणाल्या. "हुकूम कोर्टाचा आहे. सैल करायचा तर कोर्टानं करायचा, तुम्ही येऊन अर्ज द्यायचा, न्यायाधीशबाई विचारणार, मग ठरणार. तुम्ही रस्त्यात हो म्हणालात, फोनवर हो म्हणालात, रडून हो म्हणालात, तरी ते दोनशे मीटरच्या आत आले की हुकूम त्यांनीच मोडला. म्हणून तुमचं हो मागण्यातही आता काही राम नाही. कुणाच्या हातून निरोप पाठवला तरी मोडला. फुलं पाठवली तरी मोडला." फुलंसुद्धा, असं ती पुटपुटली.

चार वेळा तिनं हो म्हटलं होतं. दाराची काच फुटली त्यानंतर तो फुलं घेऊन दादाच्या दारात उभा राहिला, तेव्हा पहिलं. दुसरं वन्संमुळे. वन्सं म्हणजे त्याची मोठी बहीण, इस्पितळात नर्स. आई गेल्यावर याला त्यांनीच वाढवलं होतं. त्या रात्रपाळी करून थेट आल्या, बूट न काढता पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, एकदा ऐकून घे त्याचं, म्हणजे मी झोपायला मोकळी." त्यांच्या डोळ्यांखालचं काळं बघून ती हो म्हणाली. तिसरं दादासाठी. दादा काही बोलला नव्हता, नुसता जेवताना गप्प बसायला लागला होता. आणि चौथं ऑफिसच्या लिफ्टमध्ये. त्यानं दाराला पाय लावला होता, दार बंद व्हायला बघत होतं, मागे सरत होतं, पुन्हा बंद व्हायला बघत होतं, आत तिघे लोक वर बघत उभे होते, आणि दार एकदाचं लागावं म्हणून ती हो म्हणाली. त्यातलं एकही तिचं नव्हतं. एक काचेचं होतं, एक झोपेचं, एक ताटाचं, एक लिफ्टचं. प्रत्येक वेळी मात्र तो म्हणायचा, तूच तर हो म्हणालीस. आणि ते खरं असायचं. आता या बुटक्या बाई सांगत होत्या की तो होकार तिच्याकडून काढून घेतला आहे आणि वरच्या मजल्यावर, शिक्क्यांच्या कपाटात, कुलूप लावून ठेवला आहे. तिला वाटलं, आपल्याला यात अपमान वाटायला हवा. मोठी बाणेदार बाई असती तर म्हणाली असती, माझ्या शब्दाला किंमत नाही म्हणजे काय? तिनं अपमान शोधून बघितला. सापडला नाही. उलट बरगड्यांच्या खाली, जिथे इतकी वर्षं काहीतरी आवळून धरलेलं असायचं, तिथे काहीतरी सुटलं, आणि पुकारा झाला तेव्हा ती जवळजवळ उडी मारूनच उठली.

आत सगळं मिळून सात मिनिटं. तो दुसऱ्या टोकाला त्याच्या वकिलाशेजारी उभा होता. कोर्टात येण्यापुरती त्याला सूट होती. नवी फ्रेम लावली होती, पातळ, काळी. त्याला ती चांगली दिसत होती आणि हे तिला शांतपणे कळलं, परक्या माणसाबद्दल कळावं तसं. त्याचे वकील म्हणाले, समेटाला वाव आहे, दोन्ही बाजू समंजस आहेत. न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, "मुदत वाढवून हवी आहे का?" दोन दिवस तिनं आरशासमोर 'नको' घोकलं होतं, शेवटी 'जी' लावून आणि न लावता. "हवी," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. टंकलेखक थांबून वर बघायला लागला. "कारण?" आणि तिला वर्तुळ सांगावंसं वाटलं, चालणारं, बसमध्ये बसणारं, पण ती म्हणाली, "कारण मला शहरात राहायचं आहे." न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहिलं. दोन वर्षं. तो काहीतरी बोलायला पुढे झाला तशी त्याच्या वकिलानं त्याच्या कोपराला धरलं. मग शिपायानं एक गोष्ट सांगितली, रोजचीच असल्यासारखी: "बाईंना आधी जाऊ द्या. साहेब, तुम्ही बसा. पंधरा मिनिटं." आणि तो बसला. तिनं ते बघितलं. दारापर्यंत जाऊन तिनं वळूनही बघितलं, तो खरोखर बसला होता, हात गुडघ्यांवर, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. लग्नाच्या मांडवात, हॉटेलात, स्टेशनवर, दवाखान्यात, तिनं त्याची किती वाट बघितली असेल याची नोंद कुठे नाही. पंधरा मिनिटं काही फार नाहीत. पण कुणीतरी ती मोजत होतं आणि ती मोजणारी ती नव्हती.

ती बाहेर आली आणि सरळ निघाली. सरळ म्हणजे खरंच सरळ, मुख्य रस्त्यानं, ज्यावर तिनं बेचाळीस दिवस पाऊल टाकलं नव्हतं. तिला आनंद झाला होता. त्याला दुसरं नाव द्यायची गरज नाही. साधा, पोटातून वर येणारा, तोंड आवरता न येणारा आनंद. पायाखाली बारा इंची नळ होता, मग झडप, मग डावीकडे फुटणारा सहा इंची, आणि त्यांच्या वर ती चालत होती, सगळ्या बाजूंनी दोनशे मीटर घेऊन. त्या दोनशे मीटरमध्ये काय काय येत होतं! एक शाळा आली, पोरं डबे उघडत होती. एक शिंपी आला, दोन बँका आल्या, पिंपळाचं की कसलं एक झाड आख्खं आलं आणि मागे गेलं. एक म्हातारा पेपर वाचत बसला होता, त्याला कल्पनाही नव्हती की तो आत्ता कोर्टाच्या हुकमानं राखलेल्या जागेत बसला आहे. तिला त्याला सांगावंसं वाटलं. चष्म्याच्या दुकानापाशी पावलं मंदावली, नाही असं नाही. सवयीनं नजर फुटपाथवर गेली आणि आकडे आपोआप सुरू झाले, एक, दोन, तीन. अकराव्या पावलावर तिच्या लक्षात आलं की मोजायची गरज नाही आणि बाराव्याला तिनं मान वर केली. काचेत तीस-चाळीस रिकाम्या फ्रेमा एकटक बघत होत्या, मागे नोकर कुणाला तरी अक्षरं वाचायला लावत होता. बस, एवढंच होतं ते. दुकान होतं. पुढे डॉक्टरांच्या दवाखान्यात नोंदवहीवाली बाई तिला बघून कडाडली, "सहा आठवडे! तात्पुरतं सिमेंट म्हणजे काय जन्माचं असतं का?" उद्या दहाची वेळ. ती बोलणी खातानाही हसत होती म्हणून त्या बाईला आणखीनच राग आला.

घरून पोहण्याचे कपडे आणि टॉवेल घेऊन, वहिनीला सांगून, ती तलावावर गेली; तिथली दुपारची वेळ बायकांची. पाणी थंड होतं आणि पहिल्या सुरात तिला वाटलं की हातपाय विसरले असतील, पण तिसरा हात मारताना खांदे आपणहून उघडले. कानांत पाणी गेलं, बाहेरचं सगळं दूर झालं. पाठीवर पडून ती छताकडे बघत राहिली. पंख्याची पाती, गळक्या जागेचा पिवळा डाग. कुठला जोड गळत असेल हे तिला लगेच कळलं आणि तिनं ते सोडून दिलं. लहानपणी वडील तिला पाण्यात पाठीखाली हात देऊन धरायचे आणि म्हणायचे, आहे मी, आहे मी. आणि एक दिवस तिनं वळून बघितलं तर ते काठावर उभे होते, कधीचे. तेव्हा ती रागावली होती, नाकात पाणी जाईपर्यंत रडली होती. आज तिला वाटलं, ते हात कधी काढले गेले हे कळलंच नाही, म्हणून तर ती तरंगत राहिली होती. शेजारच्या पट्ट्यात एक जाडजूड बाई फुसफुसत चालली होती. तिनं तोंड वर काढून विचारलं, "गार आहे नाही?" "फार छान आहे," ती म्हणाली. तिनं सव्वीस फेऱ्या मारल्या, निदान तेवढ्या मोजल्या, पुढच्या मोजल्या नाहीत.

बाहेर फाटकाजवळच्या बाकावर वन्सं बसल्या होत्या. पर्स मांडीवर, बुटांच्या नाड्या सैल केलेल्या. "तुझी वहिनी म्हणाली इथे असशील," त्या म्हणाल्या. "ओल्या केसांनी वाऱ्यात उभी राहू नकोस, बस." ती बसली. वन्संचा राग तिला कधी आला नव्हता, हीच तर पंचाईत होती. "त्यानं पाठवलंय," वन्सं म्हणाल्या. "फार लागलंय त्याला. मुदत वाढवलीस म्हणून. तो म्हणतो, एकदाच, कोर्टबिर्ट बाजूला ठेवून, समोरासमोर. तू हो म्हणालीस तर..." आणि तिला जाणवलं की आत ते जुनं यंत्र सुरू झालं आहे. वन्संच्या डोळ्यांखालचं काळं तसंच होतं, पाय सुजलेले होते, सकाळी सातला पाळी संपली असणार आणि त्या अजून झोपल्या नव्हत्या. गळ्यात 'बरं' तयार होऊन येऊन बसलं होतं, दार उघडायची वाट बघत. पाचवं. एवढ्या एका शब्दानं या बाईला आत्ता घरी जाऊन आडवं होता आलं असतं. पण तेवढ्याच एका शब्दानं सगळं परत कंपासच्या त्या टोकावर गेलं असतं, खोल्या, कपाटाचं दार, गच्ची. तिनं ओला टॉवेल पिळला, पिळण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं तरी.

"वन्सं, मी हो म्हटलं तरी उपयोग नाही. माझं हो चालत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कोर्टानं सांगितल्याशिवाय त्यांना येताच येत नाही. मी बोलावलं तरी. आणि निरोप पाठवला तरी हुकूम मोडल्यातच जमा. तुम्ही आत्ता जो आणलात त्यानंसुद्धा. मला हे वकीलबाईंना सांगावं लागेल."

वन्सं ताठ बसल्या. "माझ्यामुळे त्याच्यावर येईल?"

"त्यांनी पाठवलं म्हणून येईल. पण आणला तुम्ही."

वन्संनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. रस्त्यावरून एक लॉरी गेली. तिला वाटलं आता त्या रडतील, किंवा बोल लावतील, आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी आपण हलायचं नाही असं तिनं मनाशी धरलं. हलली नाही तर आनंदाला थोडी चीर पडेल, पडू दे. पण वन्सं भलत्याच गोष्टीवर अडल्या होत्या. "म्हणजे मी निरोप आणायचाच नाही?" त्यांनी हळूच विचारलं. "आणायचाच नाही." "का आणलेला बरा नाही, पण चालतो, असं?" "नाही वन्सं. चालतच नाही." "कागदावर आहे?" तिनं पर्समधून पाकीट काढलं, पाकिटातून कागद काढला, आणि बेचाळीस दिवसांत पहिल्यांदा तो उलगडला. वन्संनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दोघी बोट लावून वाचायला लागल्या. सामनेवाला म्हणजे तो. अर्जदार म्हणजे ती. प्रत्यक्ष, किंवा अप्रत्यक्ष, किंवा अन्य कोणाही व्यक्तीमार्फत. "अन्य कोणाही व्यक्तीमार्फत," वन्सं पुन्हा म्हणाल्या, "ही मी." त्यांनी ती ओळ तिसऱ्यांदा वाचली. तिला आठवलं, हेडमास्तरांकडे माफी मागायला वन्सं गेल्या होत्या, पहिली नोकरी सोडली तेव्हा मालकाकडे वन्सं, घरमालकाकडे वन्सं, तिच्या वडिलांकडे मागणी घालायला वन्सं. तो चौदा वर्षांचा होता तेव्हापासून ही बाई त्याचे निरोप वाहत होती आणि पाळी संपल्यावर वाहत होती. "किती दिवस?" वन्संनी विचारलं. "दोन वर्षं." "दोन वर्षं," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा बघून तिला क्षणभर कळेना की यांना काय झालंय.

पर्समध्ये फोन वाजला. दोघींनाही माहीत होतं कुणाचा. वन्संनी तो कानाला लावला, उठल्या, चार पावलं बाजूला गेल्या आणि मोठ्यानं, वॉर्डातल्या आवाजात बोलायला लागल्या. "नाही रे. ती नाही म्हणाली असं नाही. तिला विचारताच येत नाही... मलाही येत नाही. माझ्यावर चिडून काय उपयोग, हुकूम मी का केलाय? कोर्टाचा आहे... हो, वाचला, डोळ्यांनी वाचला, तुझ्याच दुकानातल्या चष्म्यानं वाचला... नाही, उद्याही नाही... दोन वर्षं. बरं, ठेवते, मला झोपायचंय." त्यांनी फोन बंद केला, म्हणजे पार बंद, बटण दाबून धरून, काच काळी होईपर्यंत. मग त्या परत येऊन तिच्या शेजारी धपकन बसल्या, दोन्ही बूट पायांनीच ढकलून काढले, मोजे घातलेले पाय उन्हात पसरले आणि तिच्या दंडावर एक चापट मारून म्हणाल्या, "वेडे, मग हे आधीच का नाही केलंस?"